चुण्या नसलेलं चीवर

मिलिंद, तुझ्या जलदान विधीच्या दिवशी तू घडवलेला बुद्ध लोक कापायला निघाले होते. दिवा स्टेशनच्या पूर्वेकडच्या विहारात, हार घातलेल्या तुझ्या फोटोसमोर, तुझ्याच नावाने. ग्राइंडर आणून ठेवला होता, वायर बोर्डात खोचलेली होती. आणि हे सगळं तुझ्यावरच्या प्रेमापोटी. वैरापोटी केलं असतं तर मला एवढा राग आला नसता.

तुला हे सांगून उपयोग नाही, ते मला कळतं. जिवंत होतास तेव्हा तरी कुठे ऐकायचास. पण धाकट्या भावाशी जन्मभर भांडल्याची सवय अशी आठवड्यात सुटत नाही. लहानपणापासून तुला 'मेल्या' म्हणत आले. मेल्या, जेवलास का. मेल्या, फोन का उचलत नाहीस. परवा वैशालीशी बोलताना तुझ्याबद्दल तोंडातून तेच निघालं, आणि तुझी बायको आणि मी, दोघी एकमेकींकडे न बघता कितीतरी वेळ चहा ढवळत बसलो. हक्काचा एक शब्द होता माझ्याकडे, तोही घेऊन गेलास.

आधी जुना राग सांगते. मी दवाखान्यात नर्स होते. दगडाची धूळ छातीत बसली की माणसाचं काय होतं, ते मी वॉर्डात उभं राहून पाहिलं होतं. तुला समजावलं, ओरडले, मास्कचे खोके कोपरीहून उचलून तुझ्या शेडमध्ये आणून ठेवले. पालथ्या घड्यावर पाणी. त्या खोक्यांवर तू चहाचे ग्लास ठेवायचास. म्हणे मास्क लावला की छिन्नीचा आवाज नीट कळत नाही. नाकाचा आणि कानाचा काय संबंध, असं मी विचारलं, तर म्हणालास, "श्वास कोंडला की हात घाई करतो, ताई." प्रत्येक गोष्टीला तुझ्याकडे उत्तर तयार असायचं. छातीचा फोटो काढल्यावर डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं, तेव्हा मात्र तुझं एकही उत्तर माझ्या कामाला आलं नाही.

दगडावर पाण्याची धार सोडून कापला तर धूळ उडत नाही, हे तुलाही माहीत होतं. पण दिव्यात पाणी कुठलं? टँकर आला की वैशाली धावत जाऊन ड्रम भरायची, आणि त्यातलं दगडासाठी मागायची तुझी छाती नव्हती. म्हणून कोरडाच कापत राहिलास. त्याच सुमाराला घोडबंदर रोडच्या एका टॉवरवाल्यांनी तुला काम आणलं होतं. लॉबीत ठेवायला बुद्धाचं नुसतं डोकं, फायबरचं, टाळूवरून सारखं पाणी वाहणारं. तू म्हणालास, "मी मुंडकी करत नाही," आणि त्या माणसाला चहासुद्धा न विचारता लावून दिलंस. घरात तेव्हा कामाची किती गरज होती ते वैशालीला विचार. पुढे एका मैत्रिणीकडे गेले तेव्हा ते डोकं मी पाहिलं, दुसऱ्या कुणी केलेलं. पाणी वाहत होतं, खाली लाल मासे फिरत होते, आणि वॉचमन कौतुकाने सांगत होता की हे कधीच बंद करत नाहीत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यातलं थोडं पाणी तुझ्या शेडला मिळालं असतं तर आज मी हे लिहीत बसले नसते.

एरवी तू फायबरचे पुतळे करायचास, लग्नाच्या हॉलसाठी हत्ती करायचास, पोट भरायचास. पण विहाराचा बुद्ध दगडाचा करायचा, हा हट्ट तुझा. वस्तीतल्या लोकांना पितळी चालला असता, प्लास्टरचासुद्धा चालला असता. तू मात्र राजस्थानातून फिकट पिवळसर वाळूचा दगड आणवलास आणि जवळजवळ दोन वर्षं त्याच्यामागे लागलास. मूर्ती काही फार मोठी नाही. चौथरा धरून बुद्धाचा चेहरा उभ्या माणसाच्या चेहऱ्यासमोर येतो. उजवा हात अभय द्यायला उचललेला, डाव्या हातात चीवराचं टोक. पण अंगावरचं ते चीवर दिसतच नाही. छाती, पोट, मांड्या, सगळं गुळगुळीत. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी म्हटलं, अरे, याला कपडे कधी घालणार?

तुझा चेहरा असा पडला होता. मग तू मला दुपारभर शिकवत बसलास. तुझ्या शेडच्या पत्र्यावर सारनाथच्या बुद्धाचा जो फोटो चिकटवलेला होता, त्याच्यावर छिन्नी टेकवून. गांधारकडचा बुद्ध म्हणे थंडीत घोंगडी पांघरून निघालेल्या माणसासारखा. मथुरेचे कारागीर चीवरावर दोऱ्यांसारख्या चुण्या काढायचे, ओळीने. आणि मग दीड हजार वर्षांपूर्वी, गुप्तांच्या काळात, सारनाथच्या लोकांनी चुण्या काढणंच सोडून दिलं. गळ्याशी एक काठ, मनगटाशी एक काठ, पायाशी एक. बाकी कापड तुम्ही समजून घ्यायचं. ओल्या कपड्यासारखं ते अंगाला चिकटलेलं असतं, आणि आतून माणूस शांत दिसतो. "चुण्या काढल्या की लोक कापड बघत बसतात," तू म्हणालास. मी म्हटलं, म्हणजे काम कमी आणि नाव मोठं. तू हसलास, मग खोकलास, आणि मला पुन्हा राग आला.

हे वेड तुला कान्हेरीला लागलं, ते मला आठवतं. बाबा आपल्याला घेऊन गेले होते, डबा बांधून. चैत्याच्या ओसरीत दोन बाजूंना ते प्रचंड बुद्ध उभे आहेत ना, मी त्यांच्या पायांशी सावलीत बसून भाकरी सोडत होते, आणि तू त्यांच्या घोट्याजवळ बोट फिरवत होतास. मग ओरडलास की इथे कपडा संपतो. दगडात एक बारीकशी कड होती, नखाएवढी. बाबांनी येऊन तिच्यावर बोट फिरवलं. कारखान्यात काम करून त्यांची बोटं इतकी राठ झाली होती की त्यांना काही लागलं नसावं, पण तुझ्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, हो रे, आहे खरं. त्या दिवशी तुझं जे काही ठरलं, ते ठरलं. मी तेव्हा फक्त चटणी सांडली म्हणून तुझ्यावर रागावले होते.

विहारात बुद्ध बसवला, तेव्हाच भांडणाला सुरुवात झाली. तू कार्यक्रमाला तयार नव्हतास. कमिटीचे अध्यक्ष मोरेभाऊ, भला माणूस, तुझा सत्कार करायला शाल आणून बसले होते. तू म्हणालास, आत्ताच झालं म्हणू नका, थोडे दिवस बघू दे. मग दर आठवड्याला येऊन मूर्तीसमोर उभा राहायचास, हात फिरवायचास, काही न बोलता जायचास. एकदा तरी 'झालं' असं म्हणाला असतास. आणि नंतर आजारपण सुरू झालं. लोकांनी दोन आणि दोन चार केले. मूर्ती अपुरी राहिली, बिचाऱ्याला चीवर काढायचं होतं, दम्याने गाठलं. दर पौर्णिमेला अनुसयामावशी आणि बायका मिळून बुद्धाला पिवळं सॅटिन पांघरायच्या, दुसऱ्या दिवशी तू धापा टाकत येऊन ते काढून घडी करून ठेवायचास. त्यांना वाटायचं, तुला काम पुढे करायचं आहे म्हणून काढतोस. तू एका शब्दाने त्यांना काही सांगितलं नाहीस. तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास, आणि निस्तरायला मला ठेवलंस.

शेवटच्या दिवसांत दवाखान्यातसुद्धा आपण त्यावरूनच भांडलो. मी म्हटलं, आता तरी सांग, त्याच्या अंगावर चुण्या काढायच्या होत्या की नव्हत्या? मला खरंच जाणून घ्यायचं होतं. तू ऑक्सिजनचा मास्क काढलास, बोलायला. मी तो परत लावला. तू परत काढलास. जन्मभर धुळीत मास्क लावला नाहीस आणि जो एक मास्क तुला जगवत होता, तोही भांडायला काढत होतास. मी तुझा हात धरून ठेवला आणि म्हटलं, राहू दे, बरा झालास की बोलू. तुझ्या डोळ्यांत तो जुना राग होता, लहानपणी मी तुझी पेन्सिल लपवली की यायचा तो. ते भांडण तसंच राहिलं आहे.

आता त्या दिवसाचं सांगते. विहार भरला होता. आम्ही पांढऱ्या साड्या नेसून बसलो होतो. म्हणजे बाकी सगळ्या जमिनीवर, आणि मी गुडघ्यांच्या कृपेने बाजूच्या भिंतीला प्लास्टिकच्या खुर्चीवर, नेहमीसारखी. त्रिशरण, पंचशील झालं, वंदना झाली, चार जण तुझ्याबद्दल बोलले. त्यात तू फार शांत स्वभावाचा होतास असंही एक जण म्हणाला, ते मी ऐकून घेतलं. मग मोरेभाऊंनी माइक घेतला. म्हणाले, आपल्या मिलिंददादांचं अर्धं राहिलेलं काम हीच त्यांना आदरांजली. तथागतांचं चीवर आता पुरं करायचं. आणि त्यांनी दाराकडे हात केला. तिथे स्वयंपाकाचे ओटे कापणारा एक माणूस, हातात ग्राइंडर, चपला काढून अदबीने उभा होता. त्या गरीब माणसाचाही दोष नाही. त्याने खडूने बुद्धाच्या छातीवर रेघासुद्धा आखून ठेवल्या होत्या, तिरप्या, सारख्या अंतराच्या. खुर्चीवरून मला त्या तेव्हा कुठे दिसल्या.

मी उठले कशी ते मला माहीत नाही. माइक मोरेभाऊंच्या हातातून घेतला की ओढला, तेही आठवत नाही. मी म्हटलं, कुणीही हात लावायचा नाही. मूर्ती पूर्ण आहे.

मोरेभाऊ हळू आवाजात म्हणाले, "ताई, आम्ही समजू शकतो. पण दादा स्वतः बोललेला, झालं म्हणू नका. आम्ही त्याच्या मनातलंच करतोय." तू मला काहीही सांगून ठेवलेलं नव्हतंस. मग मी त्यांचा हात धरला, मूर्तीजवळ नेलं, बुद्धाच्या मनगटाशी त्यांचं बोट टेकवलं. हा बघा काठ, म्हटलं, हे चीवरच आहे, अंगाला चिकटलेलं. गळ्याशी बघा, घोट्याशी बघा. ते बघत होते, बोट फिरवत होते, आणि त्यांचे डोळे पाण्याने भरले. म्हणाले, "म्हणजे त्याने सुरुवात केलेली, ताई. इथून पुढे न्यायचं होतं." मागून पाच-सहा जण हळहळले. माझाच पुरावा माझ्या गळ्यात आला. तुझी ती जगात भारी नाजूक रेघ बघून सगळ्या विहाराची खात्री पटली की बिचारा चीवर काढता काढताच थांबला. ओटेवाल्याने वायर सरळ केली.

मला त्या क्षणी तुझा इतका राग आला, मिलिंद, की तू समोर असतास तर मी तुझ्या थोबाडीत मारली असती. सारनाथ घेऊन दिव्यात आलास, आणि एक माणूससुद्धा तयार केला नाहीस जो तुझ्या बाजूने बोलेल. मी होते, तर माझ्याशी फक्त वाद घातलास.

आणि मग तुझी शेड आठवली. मला तिथे यायला आवडायचं नाही, कारण सगळे पुतळे आंधळे असायचे. हत्ती, पुढारी, बुद्ध, सगळ्यांच्या डोळ्यांच्या जागी सपाट उंचवटा. पुतळा पार तयार झाला, घासून झाला, तरी डोळे नाहीत. मी विचारायची, तर तू म्हणायचास, "डोळे शेवटी. डोळे उघडले की त्याला परत हत्यार लावायचं नाही. माझ्या गुरूने घालून दिलेला नियम आहे." हे तू इतक्यांदा म्हणाला होतास की वैशालीसुद्धा वैतागायची. मी माइकवर हेच सांगितलं. म्हटलं, मिलिंद डोळे शेवटी करायचा, मग हत्यार धुऊन ठेवायचा. वैशालीने बसल्या जागेवरून मान डोलावली.

मोरेभाऊंनी बुद्धाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. समोरासमोर उभं राहिलं की तिथे फक्त दोन जड पापण्या दिसतात. ते म्हणाले, "डोळे तर मिटलेलेच आहेत, ताई." अगदी प्रेमाने म्हणाले. मलाही तसंच दिसत होतं, इतकी वर्षं तसंच दिसत आलं होतं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून अनुसयामावशी बोलल्या. त्या कधी सभेत बोलत नाहीत. म्हणाल्या, "मिटलेले कुठले? उघडेच हायेत की. आमच्याकडंच बघतो रोज." शेजारच्या बायकांनी माना हलवल्या, जणू यात सांगण्यासारखं काय आहे. मी वळून विहारभर बघितलं. आम्ही दोघं आणि तो ओटेवाला सोडून विहारातले सगळे जमिनीवर बसले होते.

मग मी खाली बसले. या गुडघ्यांनी, भिंतीला धरून, वैशालीच्या खांद्यावर भार टाकून. मधोमध, जिथे बायका वंदनेला वाकतात तिथे. हात टेकून डोकं खाली नेलं आणि वर बघितलं. पापण्यांच्या खाली बारीकशी फट आहे. आत बुबुळ कोरलेलं आहे, जेमतेम, पण आहे. आणि ते खाली, बरोबर तिथे बघतं जिथे वाकलेल्या माणसाचं कपाळ असतं. तो माझ्याकडे बघत होता. तू माझ्याकडे बघायचास तसं नाही, रागाने नाही. मला तिथेच रडू फुटलं. सगळ्यांना वाटलं तुझ्यासाठी रडते आहे. मी चिडून रडत होते. एवढंच सांगायला तुला काय झालं होतं, ताई, एकदा खाली बसून बघ म्हणून? माझे गुडघे दुखतात म्हणून गप्प राहिलास, की मी स्वतःहून कधी वाकते ते बघत होतास? दोन्ही तुझ्या स्वभावात बसतं, आणि आता मला कधीच कळणार नाही.

मोरेभाऊही बसले माझ्या शेजारी. वाकून बघितलं. उठले, रुमाल भिजवून आणला आणि बुद्धाच्या छातीवरच्या खडूच्या रेघा स्वतःच्या हाताने पुसल्या. ओटेवाल्यानेही खाली बसून पाहिलं, मग वायर गुंडाळली. त्याला मी जेवायला थांबवलं. मला उठवायला मात्र चार बायका लागल्या, आणि त्या हसत होत्या. तुझ्या जलदानाला विहारात हसणं झालं, आणि मला ते बरं वाटलं, हेही तुला सांगून ठेवते.

लोक आता येऊन खाली बसून बघतात. मुद्दाम. मी सगळ्यांना सांगितलं, मूर्ती पूर्ण आहे, आणि ते खरंच आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसांना जे जमलं ते तुला दिव्याच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये जमलं. मला तुझा अभिमान वाटतो. तू असताना हे मी बोलले नाही, कारण बोलले असते तर तू आणखी धूळ खाल्ली असतीस. पण डोळे उघडले की काम पूर्ण, हा तुझा नियम मी तुला लावणार नाही. दवाखान्यात तुझे डोळे अर्धे उघडे राहिले होते, आणि ते मीच मिटले. अपुरा बुद्ध नव्हता. अपुरा तू गेलास, आणि तुझं राहिलेलं पुरं करायला आणता येईल असा कुणी माणूस नाही.

येत्या पौर्णिमेला अनुसयामावशी आणि बायका पुन्हा पिवळं सॅटिन पांघरणार आहेत. आता त्यांना माहीत आहे की त्याच्या अंगावर चीवर आहे. तरी म्हणाल्या, आहे ते पातळ आहे, वरून एक असू दे. मोरेभाऊंनी मला विचारलं, दादाला आवडायचं नाही, काय करू? मी म्हटलं, पांघरा. तुला नको असेल तर ये आणि काढ.